सव्वीस मतांनी हुकलेली युनियन

फेब्रुवारी १९९७ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाच्या ट्विन सिटीज कॅम्पसवर, म्हणजे मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जोडशहरांत शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी ‘आपली युनियन हवी का?’ या प्रश्नावर मतदान केले. ‘नको’ला ६९२ मते पडली, ‘हवी’ला ६६६. फरक सव्वीस मतांचा. चौदा जणांनी मत फिरवले असते, तर अमेरिकेतल्या एका मोठ्या संशोधन विद्यापीठात प्राध्यापकांची युनियन उभी राहिली असती.

पाच महिन्यांपूर्वी याच कॅम्पसवर जे घडले होते ते माहीत असेल, तर हा निकाल बुचकळ्यात टाकतो. सप्टेंबर १९९६ मध्ये युनियनची कार्डे, म्हणजे युनियनसाठी निवडणूक घ्या अशी मागणी करणारी सहीची पत्रे, इतक्या झपाट्याने भरून आली, की कायद्याला लागणारी संख्या पाहता पाहता पूर्ण झाली. एरवी ‘युनियन’ शब्द ऐकला की नाक मुरडणाऱ्या, जगभर नाव असलेल्या प्राध्यापकांनीही सह्या केल्या. मग थंडी सरायच्या आत ही हवा कुठे गेली?

या प्रकरणावर बोलताना सहसा दोन उत्तरे दिली जातात. युनियनवाले म्हणतात, प्राध्यापक शेवटच्या क्षणी कच खातात. विरोधक म्हणतात, नीट विचार केल्यावर त्यांना शहाणपण सुचले. मला दोन्ही पटत नाहीत. मिनेसोटाच्या प्राध्यापकांनी सप्टेंबरमध्ये आणि फेब्रुवारीत, दोन्ही वेळा एकाच गोष्टीवर कौल दिला, आणि ती गोष्ट युनियन नव्हती. ते विद्यापीठाच्या नियामक मंडळावर, तिथल्या भाषेत ‘रीजंट्स’वर, मत देत होते.

मतदान कशाचे असते

आपल्याकडच्या वाचकाला हा सगळा प्रकारच परका वाटेल, म्हणून आधी थोडे पद्धतीविषयी. महाराष्ट्रात प्राध्यापक संघटनेचे सभासद होतात किंवा होत नाहीत. मुंबईत बुक्टू आहे, राज्यभर एम्फुक्टो आहे. वर्गणी भरा, मोर्चाला या, किंवा घरी बसा. २०१३ मध्ये एम्फुक्टोने परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला तेव्हा कुणी कॅम्पसवर मतपेटी ठेवून ‘ही संघटना तुमची आहे का?’ असे विचारले नव्हते. वाटाघाटी सरकारशी झाल्या, कारण पगार सरकारी तिजोरीतून आणि वेतन आयोगाच्या तक्त्यानुसार येतो. एखाद्या विभागप्रमुखाने खूश होऊन कुणाचा पगार दीडपट केला, असे इथे होत नाही.

अमेरिकेत एका कॅम्पसवरचा एक ‘गट’ ठरतो आणि त्या गटात बहुमताने युनियन आली, की ती सगळ्यांची एकमेव प्रतिनिधी होते. ज्याने विरोधात मत दिले त्याच्याही वतीने तीच बोलते, आणि झालेला करार त्यालाही बांधतो. मिनेसोटाच्या सार्वजनिक कर्मचारी कायद्यानुसार तेव्हा सभासद न झालेल्याकडूनही युनियनला वाटाघाटींच्या खर्चाचा वाटा घेता येत असे, वर्गणीच्या ८५ टक्क्यांपर्यंत. (२०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘जॅनस’ खटल्यात सार्वजनिक नोकऱ्यांपुरती ही वसुली बंद केली.) म्हणजे मतदाराला केवळ ‘मी सभासद होऊ का’ एवढेच ठरवायचे नसते. शेजारच्या इमारतीतल्या, आपल्यापेक्षा तिप्पट पगार घेणाऱ्या किंवा आपल्या निम्मा पगार मिळणाऱ्या सहकाऱ्याशी आपली गाठ कायमची बांधून घ्यायची का, हे ठरवायचे असते. प्राध्यापकांच्या मतदानात इतकी घालमेल का होते, याचे अर्धे उत्तर इथेच आहे.

खासगी विद्यापीठांत तर हा प्रश्न सहसा उद्भवतच नाही. १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या येशिव्हा विद्यापीठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निकालाने सांगितले, की अभ्यासक्रम, प्रवेश, नेमणुका यांत ज्या प्राध्यापकांचा शब्द चालतो ते व्यवस्थापनाचाच भाग आहेत. त्यांना कामगारांचे संरक्षण नाही. आपल्याकडेही १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या एका शाळेच्या शिक्षिकेच्या प्रकरणात शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्यातला ‘कामगार’ नव्हे असा निर्वाळा दिला. कारण निराळे होते. तिथे प्राध्यापक मालकाच्या फार जवळ म्हणून बाहेर, इथे शिकवणे हे उदात्त कार्य आणि कायद्यातल्या कामांच्या यादीत ते बसत नाही म्हणून बाहेर. परिणाम मात्र सारखाच. मिनेसोटा विद्यापीठ सार्वजनिक असल्याने तिथे राज्याचा कायदा लागू होता आणि त्या कायद्यात प्राध्यापकांना जागा होती. याच विद्यापीठाच्या डुलुथ कॅम्पसवर युनियन आधीपासून होतीही. ट्विन सिटीजने मात्र ते कधी मनावर घेतले नव्हते.

रीजंट्सचा मसुदा

भांडणाची सुरुवात इस्पितळापासून झाली. ट्विन सिटीज हा व्यवस्थापित आरोग्यविम्याचा अमेरिकेतला अगदी सुरुवातीचा बालेकिल्ला. विमा कंपन्या स्वस्त इस्पितळाकडे रुग्ण पाठवू लागल्यावर विद्यापीठाचे शिकवणारे, संशोधन करणारे आणि त्यामुळे महागडे इस्पितळ अडचणीत आले. अखेर १ जानेवारी १९९७ पासून ते फेअरव्ह्यू या संस्थेकडे गेले. वैद्यकीय शाखेचा पसारा आवरायचा तर कायम प्राध्यापकांना हात लावता आला पाहिजे, असे काही रीजंट्सना वाटू लागले, आणि एकदा तो विचार सुरू झाल्यावर वैद्यकीय शाखेपुरता थांबायचे कारण उरले नाही. टेन्युअरची, म्हणजे प्राध्यापकाच्या कायम नेमणुकीची सगळी नियमावलीच टेबलावर आली.

प्राध्यापकांनी सुरुवातीला सहकार्यच केले, हे लक्षात ठेवायला हवे. विद्यापीठाच्या सिनेटने, म्हणजे रीजंट्सना सल्ला देणाऱ्या प्रतिनिधी सभेने, समित्या नेमल्या, चर्चा केल्या, नियमावलीत स्वतःहून दुरुस्त्या सुचवल्या. अध्यक्ष निल्स हॅसेल्मो दोन्ही बाजूंच्या मध्ये उभे होते. मग सप्टेंबर १९९६ च्या सुरुवातीला रीजंट्सनी स्वतःचा मसुदा बाहेर काढला. तो वॉशिंग्टनचे वकील मार्टिन मायकेलसन यांनी लिहिला होता आणि मंडळाचे सल्लागार होते हार्वर्डचे रिचर्ड चेट. सिनेटचे कित्येक महिन्यांचे काम बाजूला पडले.

मसुद्यातल्या दोन गोष्टी उघडच गंभीर होत्या. एखादा विभाग किंवा कार्यक्रम बंद केला, त्याची पुनर्रचना केली, तर कायम प्राध्यापकालाही घरी पाठवता येणार होते. आणि सबळ कारण असल्याचे सांगून मूळ पगार कापता येणार होता. तरीही प्राध्यापकांच्या डोक्यात तिडीक गेली ती तिसऱ्याच एका वाक्याने. उद्योगशीलतेची आणि विद्यापीठाच्या आतल्या-बाहेरच्या लोकांशी सहकार्य करण्याची ‘योग्य वृत्ती’ न राखणे, हे शिस्तभंगाचे कारण ठरणार होते.

हे वाक्य इतके का झोंबले असावे? नोकरीची असुरक्षितता प्राध्यापकाला समजते. पैसे नसतात तेव्हा काय होते हे त्याने पाहिलेले असते. पण ‘वृत्ती योग्य हवी’ असे कुणी लिहून दिले की तो लगेच विचारतो: योग्य-अयोग्य ठरवणार कोण? राज्यातल्या खाणकंपनीच्या विरोधात जाणारे संशोधन करणाऱ्या भूशास्त्रज्ञाची वृत्ती सहकार्याची म्हणायची का? विभागाच्या बैठकीत दर वेळी एकटाच ‘नाही’ म्हणणाऱ्याची? टेन्युअर असतेच मुळी असहकार करता यावा म्हणून. त्या एका वाक्याने लबाडीपेक्षाही वाईट गोष्ट दाखवून दिली. आपण जे चालवतो त्याचा अर्थच नियामक मंडळाला कळलेला नाही, असे प्राध्यापकांना वाटले. व्यवस्थापनाच्या वर्गात ‘बाहेरचा सल्लागार कसा वापरू नये’ हे शिकवायचे असेल, तर या मसुद्याइतके चांगले उदाहरण मिळणे कठीण.

कार्ड म्हणजे ढाल

इथे कायद्यातली एक तरतूद कामाला आली आणि तिच्यावरच हे प्रकरण फिरते. मिनेसोटात एखाद्या गटातल्या ३० टक्के लोकांनी कार्डावर सही करून निवडणुकीची मागणी केली, की राज्याचा मध्यस्थी विभाग ‘जैसे थे’ आदेश काढतो. निवडणूक पार पडेपर्यंत मालकाला सेवाशर्ती बदलता येत नाहीत. म्हणजे युनियन येवो न येवो, सह्यांचा गठ्ठा पोचला की रीजंट्सचे हात बांधले जाणार.

‘युनिव्हर्सिटी फॅकल्टी अलायन्स’ या नावाने जमलेल्या मंडळींनी हे नेमके हेरले. प्रचार ‘युनियन आणा’ असा करण्याऐवजी ‘आधी त्यांना थांबवा’ असा करता आला. कार्डावर सही करणे म्हणजे युनियनला मत देणे नव्हे, फक्त निवडणूक घ्या असे म्हणणे. हे कायद्याने खरे होते आणि सोयीचेही. गठ्ठा पोचला, आदेश निघाला, मसुदा गोठला.

एका शाखेला ही ढाल मिळाली नाही. कायद्याचे कॉलेज वेगळ्या गटात मोडत असल्याने आदेश तिथे लागू नव्हता. नोव्हेंबरमध्ये रीजंट्सनी त्या कॉलेजपुरती नवी नियमावली मंजूर करून टाकली. मायकेलसन यांचा मूळ मसुदा मात्र तोपर्यंत मागे पडला होता. मंजूर झाली ती त्याच कॉलेजचे डीन टॉमस सुलिव्हन यांनी तयार केलेली, बरीच सौम्य केलेली तडजोड. कायद्याची ढाल कायदा शिकवणाऱ्यांनाच मिळू नये, हा योगायोग गमतीचा खरा; पण बाकीच्या प्राध्यापकांना त्यातून दोन परस्परविरोधी गोष्टी दिसल्या. पहिली, आदेश नसता तर आपले काय झाले असते. दुसरी, रीजंट्स माघार घेत आहेत. फेब्रुवारीत कोण कुठे झुकले, हे बऱ्याच अंशी यातले काय ज्याच्या मनात ठसले त्यावर ठरले असावे.

‘हवी’ म्हणणाऱ्यांचा हिशेब

युनियनच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा पगाराचा नव्हता. तो कागदाचा होता. सिनेट सल्ला देते. रीजंट्स तो घेतात किंवा कचऱ्याच्या टोपलीत टाकतात, आणि सप्टेंबरमध्ये त्यांनी काय केले ते सगळ्यांनी पाहिलेच. करार ही वेगळी चीज आहे. त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या असतात, एका बाजूला तो बदलता येत नाही, आणि मोडला तर लवादाकडे जाता येते. नियमावली रीजंट्सची, त्यांनी दिली, ते काढूनही घेऊ शकतात.

दुसरा मुद्दा स्मरणाचा. या वेळी ते मागे हटले, पण मंडळ बदलत राहते. मिनेसोटाचे बारा रीजंट्स राज्याचे विधिमंडळ निवडते. आजचे समजूतदार असतील, आणखी सहा वर्षांनी कोण असतील?

आणि तिसरा, जो मोठ्याने फारसा बोलला जात नाही: विद्यापीठ म्हणजे फक्त नामवंत नव्हेत. ज्याला उद्या मिशिगन किंवा विस्कॉन्सिनकडून बोलावणे येऊ शकते त्याच्या हातात हुकमाचा एक्का असतोच. ‘मी निघालो’ म्हटले की पगार वाढतो. मध्ययुगीन इतिहास किंवा स्कँडिनेव्हियन भाषा शिकवणाऱ्याला असे बोलावणे क्वचित येते. त्याची ताकद एकत्र राहण्यातच.

‘नको’ म्हणणाऱ्यांचा हिशेब

विरोधकांना ‘व्यवस्थापनाची माणसे’ म्हणून निकालात काढणे सोपे आहे, आणि चूकही. त्यांतल्या अनेकांनी सप्टेंबरमध्ये कार्डावर सही केली असणार. नाहीतर आकड्यांचा मेळ लागत नाही.

त्यांची पहिली भीती सिनेटविषयी होती, आणि तिला कायद्याचा आधार होता, तोही घरचाच. मिनेसोटातल्याच कम्युनिटी कॉलेजांच्या एका खटल्यात, १९८४ च्या ‘नाइट’ निकालात, सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की युनियन आल्यावर व्यवस्थापनाशी धोरणात्मक चर्चा करायचा मान राज्याने युनियनच्या प्रतिनिधींपुरता ठेवला तरी चालेल. सभासद नसलेल्या प्राध्यापकांचे ऐकून घेतलेच पाहिजे असे घटना म्हणत नाही. संशोधन विद्यापीठातल्या प्राध्यापकाला हे वाचून काय वाटेल? आज सिनेटच्या समितीत बसून मी अभ्यासक्रम, नेमणुका, अर्थसंकल्प यांवर बोलतो. उद्या हे सारे वाटाघाटीच्या टेबलावर गेले, तर तिथे माझ्या वतीने कोण बसेल? युनियनवाल्यांचे उत्तर होते की सिनेट आणि युनियन एकत्र नांदतात, अनेक ठिकाणी नांदत आहेत. ते खरेही आहे. पण हातात असलेली गोष्ट सोडताना माणूस समोरच्याच्या आश्वासनापेक्षा न्यायालयाच्या निकालावर जास्त विश्वास ठेवतो.

दुसरी भीती सरासरीकरणाची. अमेरिकेत प्राध्यापकाचा पगार विषयाच्या बाजारभावाने ठरतो. वित्तव्यवस्थापन शिकवणारा आणि तत्त्वज्ञान शिकवणारा एकाच दर्जाचे असूनही पगारात जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. एकच करार आला तर वाढ सगळ्यांना सारखी मिळेल, चांगले काम करणाऱ्याला वेगळे देता येणार नाही, मग चांगले लोक जातील, अशी ही साखळी. ती अपरिहार्य नाही. करारात किमान पगार ठरवून वर मोकळीक ठेवता येते. तरी अभियांत्रिकी आणि बिझनेस स्कूलमध्ये ती मनापासून मानली जाते, आणि कारण उघड आहे: तिथल्या लोकांना आजच्या व्यवस्थेत फायदा होतो.

तिसरे कारण प्रतिष्ठेचे, आणि ते लपवून बोलले जाते. सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीलाच एव्हरेट लॅड आणि सेमोर मार्टिन लिपसेट यांनी अमेरिकी प्राध्यापकांच्या पाहणीत एक विसंगती टिपली होती. राजकीय मतांनी जे सगळ्यात उदारमतवादी, म्हणून तात्त्विकदृष्ट्या युनियनला अनुकूल, ते बहुतेक नामांकित विद्यापीठांत असतात. आणि नेमक्या त्याच विद्यापीठांत युनियन येत नाही. ती येते दोन वर्षांच्या कॉलेजांत, राज्याच्या छोट्या विद्यापीठांत, जिथे प्राध्यापकाला तासांचे ओझे आणि प्राचार्याचा दरारा रोज जाणवतो. हार्वर्ड, बर्कली, मिशिगन यांच्या पंक्तीत बसू पाहणाऱ्या माणसाला ‘त्यांच्याकडे युनियन आहे का?’ हा प्रश्न सुचतोच. खाणकामगारांच्या संपाला पाठिंब्याचे पत्र लिहिणारा प्राध्यापक स्वतःच्या बाबतीत एकदम ‘आमचा व्यवसाय वेगळा आहे’ म्हणतो. मला यात ढोंगापेक्षा व्यवसायाविषयीचे प्रेम जास्त दिसते. पण निकालपत्रात दोन्ही एकाच रकान्यात मोजले जातात.

काय बदलले

कार्डे भरली तेव्हा आणि मते पडली तेव्हा, दोन्ही बाजूंचे मुद्दे हेच होते. फेब्रुवारीत कुणी नवा युक्तिवाद शोधून काढला नाही. समोरचा माणूस बदलला.

मसुद्यावर देशभर टीका झाली. नियमावली बदलाचा आग्रह ज्यांनी सगळ्यात जोरात धरला होता त्या रीजंट जीन केफलर यांनी नोव्हेंबर १९९६ मध्ये राजीनामा दिला. कायद्याच्या कॉलेजला लागू झालेली तडजोड अनेकांना, मनापासून आवडली नाही तरी, सहन होण्यासारखी वाटली. आणि त्याच हिवाळ्यात नव्या अध्यक्षाची निवड झाली: टेक्सास विद्यापीठातले कायद्याचे अभ्यासक मार्क युडॉफ. हॅसेल्मो जाणार होते, नवा माणूस प्राध्यापकांतूनच वर आलेला होता. ‘त्याला एक संधी देऊ’ असे म्हणणे आता नैसर्गिक वाटू लागले.

प्राध्यापकाच्या डोक्यात ‘मालक’ ही कल्पना फार अंधूक असते, हे इथे समजून घ्यायला हवे. डीन कालपर्यंत सहकारी होता, मुदत संपली की पुन्हा वर्गात येतो. अध्यक्षाशी मतभेद असतील, पण तोही कधीकाळी प्रयोगशाळेत किंवा ग्रंथालयात बसलेला असतो. मालक दिसावा लागतो, आणि सप्टेंबरमध्ये रीजंट्सनी स्वतःचा चेहरा दाखवला. नोव्हेंबरनंतर तो चेहरा पुन्हा सिनेट, समित्या आणि मसुद्यांच्या मागे गेला. ज्यांनी ढाल म्हणून कार्ड उचलले होते त्यांनी बाण थांबलेले पाहून ती खाली ठेवली.

यात युनियनवाल्यांची एक चूक मला दिसते. संरक्षणासाठी दिलेली सही हा पाठिंबा आहे असे गृहीत धरणे सोपे होते. ‘थांबवा’ म्हणून जमलेल्या माणसाला ‘चला’ म्हणून घेऊन जायचे तर त्याला पुढचा रस्ता दाखवावा लागतो: पहिल्या करारात नेमके काय मागणार, सिनेटचे काय करणार, पगारवाढ कशी वाटणार. करार लिहिण्याआधी या प्रश्नांची पक्की उत्तरे कुणालाच देता येत नाहीत, ही प्रत्येक युनियनची अडचण असते. विरोधकाला मात्र शंका विचारून भागते.

तरीही ६६६ हा आकडा लहान नाही. धोका टळल्यासारखा दिसत असतानाही जवळपास निम्म्यांनी युनियन मागितली.

हरलेल्यांनी काय मिळवले

जून १९९७ मध्ये रीजंट्सनी सगळ्या विद्यापीठासाठी सुधारित नियमावली मंजूर केली. तिच्यात कायम प्राध्यापकांच्या कामाचे नियतकालिक मूल्यमापन आले, जे अनेकांना नको होते. पण विभाग बंद झाला म्हणून कायम प्राध्यापकाला काढून टाकण्याची मुभा तिच्यात नव्हती. सप्टेंबरचा मसुदा आणि जूनची नियमावली शेजारी ठेवली तर मधल्या काळातल्या दडपणाचा हिशेब लागतो. ही सौम्य नियमावली मिळवून दिली कार्डांनी आणि निवडणुकीच्या टांगत्या तलवारीने. म्हणजे ६९२ जणांना जे वाचवायचे होते ते ६६६ जणांच्या खटपटीमुळे वाचले. हे म्हणताना थोडा पक्षपात होतो आहे, पण मला त्याची लाज वाटत नाही.

तुलनेला ऑरेगन विद्यापीठ घेऊ. तिथे युनियनची मोहीम आधीपासून चालू होती. नोव्हेंबर २०११ मध्ये राज्याच्या उच्चशिक्षण मंडळाने प्राध्यापकांचे लाडके अध्यक्ष रिचर्ड लॅरिव्हिएर यांना काढून टाकले. (हे गृहस्थ मूळचे संस्कृत धर्मशास्त्राचे अभ्यासक, नारदस्मृतीची चिकित्सक आवृत्ती त्यांच्या नावावर आहे.) दूरचा मालक इथेही अचानक प्रत्यक्ष दिसला, कॅम्पस खवळला, आणि २०१२ मध्ये युनियन आली. फरक असा, की ऑरेगनच्या कायद्यानुसार निम्म्याहून अधिक लोकांची कार्डे जमली की काम झाले. वेगळे मतदान लागत नाही. रागाचा महिना आणि निर्णयाचा महिना यांच्यामध्ये मिनेसोटात अख्खा हिवाळा गेला. मतदारांचे स्वभाव सारखेच धरले, तरी वेळापत्रक वेगळे असल्याने निकाल वेगळा लागू शकतो.

मतदार कोण, हाच पुढचा वाद

मिनेसोटात विषय पुन्हा निघाला तो २०१६ मध्ये, आणि या वेळी सेवा क्षेत्रातल्या कामगारांची मोठी युनियन, एसईआययू, मैदानात होती. मधल्या वीस वर्षांत अमेरिकी विद्यापीठांचा चेहरा बदलला होता. पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे वर्ग मोठ्या प्रमाणात करारावरचे शिक्षक घेऊ लागले होते. टेन्युअर नाही, पुढच्या वर्षीची खात्री नाही. या शिक्षकांना प्राध्यापकांच्याच गटात धरावे, अशी युनियनची मागणी होती. राज्याच्या मध्यस्थी विभागाने ती मान्य केली, विद्यापीठ अपिलात गेले, आणि २०१७ मध्ये राज्याच्या अपील न्यायालयाने विद्यापीठाच्या बाजूने निकाल दिला. मतदान झालेच नाही.

या वेळी लढाई यादीवर झाली, कारण यादीत निकाल दडलेला असतो. १९९७ चे मतदार प्राध्यापकपदाच्या शिडीवरचे लोक होते. त्यांच्याकडे युनियनशिवायही बोलायला जागा होती. करारावरच्या शिक्षकाला सिनेट गमावण्याची भीती घालून काय होणार? विद्यापीठालाही हा हिशेब कळत होता, म्हणून तर ते न्यायालयात गेले.

त्याच कॅम्पसवर एप्रिल २०२३ मध्ये पदवीधर सहायकांनी, म्हणजे शिकता शिकता शिकवणाऱ्या आणि प्रयोगशाळा चालवणाऱ्या विद्यार्थ्यांनी, युनियनसाठी मतदान केले. त्यांनीही आधी अनेकदा युनियन नाकारली होती. या वेळी ‘हवी’ला २,४८७ मते पडली, ‘नको’ला ७०. पुढच्या वर्षी विधिमंडळाने विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांचे गट कसे पाडायचे याविषयीचा जुना कायदाच बदलला. ट्विन सिटीजच्या प्राध्यापकांपुढे हा प्रश्न पुन्हा आला, तर मतदारयादीत करारावरचे किती आणि कायम किती, यावर प्रचाराची भाषा ठरेल.